लिस्बन पायी बघायचं आहे, मुक्काम कुठल्या भागात करावा?

मोरपीस
एप्रिलमध्ये आम्ही तिघं लिस्बनला जातोय. मी, नवरा आणि माझी आई. पाच रात्री. आई ७१ वर्षांची आहे. घरी रोज तासभर फिरायला जाते, त्यामुळे चालायची सवय आहे, पण गुडघे दुखतात. सपाटीवर काही वाटत नाही, जिना उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. टॅक्सीच्या काचेतून शहर बघायचं नाही. सकाळी दाराबाहेर पडावं आणि चालू लागावं, दुपारी खोलीवर येऊन आईने पाठ टेकावी, संध्याकाळी पुन्हा बाहेर पडावं, एवढंच हवंय.

तीन जागा बघून ठेवल्यात. पहिली अल्फामात, तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, गच्चीतून नदी दिसते. दुसरी बायशात, साधं हॉटेल. तिसरी साल्दान्याला, हॉटेल मोठं आहे पण जरा लांब वाटतं. नकाशावर अल्फामा आणि बायशा अगदी चिकटून आहेत, दहा मिनिटांचंही अंतर नाही. खरं सांगायचं तर त्या गच्चीच्या फोटोंनी मला भुरळ घातली आहे. कोणी राहून आलं असेल तर सांगा. व्हिसासाठी बुकिंग दाखवायचंय, त्यामुळे सध्या रद्द करता येईल असंच काहीतरी घेणार आहे.

अक्षांश
मी लिस्बनमध्ये सहा वर्षं राहिलो. तिथे नकाशावरच्या अंतरावर जाऊ नका. बायशा ही दोन टेकड्यांमधली दरी आहे. पूर्वेला किल्ल्याची टेकडी, पश्चिमेला शियादू आणि बाइरू आल्तूची. किल्ला नदीच्या पातळीपासून सुमारे ११० मीटर उंचावर आहे, म्हणजे पस्तीसेक मजले समजा. अल्फामा त्याच टेकडीच्या उतारावर पसरलंय. तुम्ही म्हणता ती दहा मिनिटं कागदावर खरी असतील, पण त्यात दीडशे पायऱ्या असू शकतात.

घर निवडताना मी सगळ्यांना एकच विचारायला सांगतो. दिवसभर फिरून, जेवून परत येताना शेवटचे तीनशे मीटर कसे आहेत? सकाळी ताज्या पायांनी माणूस कुठलीही टेकडी चढतो. संध्याकाळी त्याच तीनशे मीटरच्या धास्तीने लोक खोलीतून बाहेर पडत नाहीत, आणि मग दुपारी पाठ टेकायला येणंही नकोसं होतं. तुमचा बेत तर दिवसातून दोनदा खोलीवर यायचा आहे. म्हणजे तो चढ पाच दिवसांत दहा वेळा.

त्या अल्फामाच्या घराचा नेमका पत्ता मिळाला तर रस्त्यावरचे फोटो दाखवणाऱ्या नकाशात उतरा आणि ट्रामच्या थांब्यापासून दारापर्यंत पडद्यावर ‘चालून’ बघा. गल्लीच्या नावात ‘एश्कादिन्याश’ किंवा ‘बेकू’ आहे का तेही बघा. पहिल्याचा अर्थ पायऱ्यांची वाट, दुसऱ्याचा बोळ. ‘कालसादा’ नावाचा रस्ता असेल तर तो बहुतेक चढाचा असतो.

जुईचा वेल
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून फक्त गुडघ्यांबद्दल लिहिते. सगळे चढाला घाबरतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना पायऱ्या उतरणं जास्त जड जातं. चढताना दम लागतो, थांबलं की बरं वाटतं. उतरताना वाकलेल्या गुडघ्यावर शरीराचा भार पेलत खाली जावं लागतं, आणि तिथेच कळ येते. मोरपीस, आई उतरताना कठडा धरते असं तुम्ही लिहिलंय, ते याचमुळे. टेकडीवरच्या घरातून रोज सकाळी पहिलं काम उतरण्याचं असणार. हलक्या उताराचा रस्ता चालेल, पायऱ्या टाळा. रबरी तळव्याचे, पकड असलेले बूट घ्या आणि ते इथेच महिनाभर वापरून मऊ करा. चालायची काठी नको म्हणाल्या तरी घडीची एक बॅगेत असू द्या.

रानवारा
अल्फामाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं! मी तिथे चार रात्री राहिलो आणि पुन्हा गेलो तर तिथेच राहीन. सकाळी सातला गल्ल्यांमध्ये कोणी नसतं. दोरीवर कपडे वाळत असतात, एखादी आजी खिडकीत कोपर टेकून उभी असते, खाली नदीवर धुकं असतं. दहानंतर पर्यटकांचे जथे येतात, तेव्हा आपण बाहेर पडायचं आणि ते गेले की परत यायचं. नुसतं दुपारी दोन तास जाणाऱ्याला हे दिसत नाही. रात्री कुठल्याशा बंद दारामागून फादूचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक गाण्यांचे, सूर येतात. राहायची जागा ही काही फक्त झोपायची सोय नसते.

अक्षांश
रानवारा, पटलं. मीही पहिलं वर्ष अल्फामातच काढलं. पण तेव्हा मी २८ वर्षांचा होतो.

अल्फामा असं का आहे हे कळलं की निवड सोपी होते. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला, पाठोपाठ समुद्राची लाट आली आणि मग आग. नदीकाठची सखल वस्ती, म्हणजे आजची बायशा, जवळजवळ पुसली गेली. तिथे तेव्हाचे मंत्री मार्केश दे पोंबाल यांच्या देखरेखीखाली सरळ रेषेत, काटकोनात नवे रस्ते आखले. धंद्यानुसार नावं दिली. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता, कापडवाल्यांचा रस्ता. आपल्याकडच्या पेठांसारखंच. टेकडीच्या उतारावरचं अल्फामा मात्र बरंचसं टिकलं, त्यामुळे तिथे अजून जुन्या काळातला गल्ल्यांचा गुंता आहे. म्हणून बायशात गुडघे सुखात राहतात आणि अल्फामात डोळे. रोसियू चौकापासून नदीकाठच्या प्रासा दु कोमेर्सियूपर्यंत दहा मिनिटांची चाल आहे आणि ती सपाट आहे. लिस्बनच्या मध्यभागात असं दुसरीकडे फार मिळत नाही.

नदीकाठ
बायशाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिथे शेजार असा उरलेला नाही. रुआ आउगुश्तावर मेन्यूकार्ड हातात घेऊन उभी असलेली माणसं, फ्रिजवर लावायच्या चुंबकांची दुकानं, गर्दी. आम्ही तिथे राहिलो आणि सोय पुरेपूर मिळाली, पण सकाळी कॉफी प्यायला गेलो तर आजूबाजूला सगळे आपल्यासारखेच बॅगवाले. सवय असेल तर ठीक. आम्ही दुसऱ्या दिवसापासून कॉफीसाठी दोन गल्ल्या सोडून जायला लागलो.

सोनचाफा
मोरपीसताई, तिसऱ्या मजल्याला लिफ्ट आहे का ते आधी विचारा. मागच्या वर्षी आम्ही मोरारियात एक घर घेतलं होतं. ‘तिसरा मजला’ एवढंच लिहिलेलं होतं. लिफ्ट नाही, हे दारात पोचल्यावर कळलं. लाकडी जिना इतका अरुंद आणि उभा की चाकांची बॅग कडेने नेताच येईना. सासूबाईंना मध्ये एका पायरीवर बसवून आम्ही दोघांनी आधी सामान वर नेलं आणि मग त्यांचा हात धरून त्यांना नेलं. पुढचे चार दिवस सासूबाई दिवसातून एकदाच खाली उतरल्या. घरमालकाला कळवलं तर म्हणाला, जुन्या इमारतीत असंच असतं. खरंही आहे ते. पण आधी सांगितलं असतं तर आम्ही घेतलंच नसतं. त्यांची ती सहल आमच्या न विचारण्यामुळे अर्धी झाली, याची रुखरुख मला अजून आहे.

विचारताना ‘लिफ्ट आहे का’ एवढ्यावर थांबू नका. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या, हेही विचारा. पत्त्यात ‘आर/सी’ लिहिलेलं असेल तर तो तळमजला. मजल्याच्या आकड्यापुढे ‘एश्क’ म्हणजे डावीकडचं घर, ‘दितू’ म्हणजे उजवीकडचं.

चंद्रकोर
झोप महत्त्वाची असेल तर बाइरू आल्तू नको. दिवसा ते शांत, गोंडस दिसतं आणि फोटोही तसेच असतात. रात्री अकरानंतर माणसं ग्लास घेऊन रस्त्यातच उभी असतात, दोन-तीन वाजेपर्यंत. काइश दु सोद्रे स्टेशनजवळच्या गुलाबी रस्त्याचंही तेच. बाइरू आल्तूपासून जेमतेम दहा मिनिटांवर प्रिन्सिपे रेआल आहे, तिकडे झाडं आहेत, बाग आहे, शांतता आहे. पण तेही वर टेकडीवर. जूनच्या १२ तारखेची रात्र असेल तर अल्फामात झोपेची आशा ठेवू नका. संत आंतोनियूचा उत्सव असतो, गल्लीगल्लीत सार्डिन भाजतात आणि पहाटेपर्यंत नाच चालतो. तो बघायलाच जाणार असाल तर गोष्ट वेगळी.

दीपमाळ
साल्दान्याला कोणीच वाली नाही असं दिसतंय. आम्ही तिथेच राहिलो, दोन म्हाताऱ्यांना घेऊन. विमानतळावरून मेट्रोची लाल लाइन थेट साल्दान्याला येते, गाडी बदलावी लागत नाही. रस्ते रुंद, पदपथ सपाट, इमारतींना लिफ्ट, औषधांची दुकानं आणि भाजीवाले हाकेच्या अंतरावर. गुलबेंकियन संग्रहालय आणि त्याची बाग पंधरा मिनिटांत. त्या बागेतली झाडं आणि तळं बघत आम्ही एक आख्खी दुपार काढली.

आणि तिथून मध्य शहर चालत जाता येतं! साधारण तीन किलोमीटर, मार्केश दे पोंबाल चौकातून आव्हेनिदा दा लिबरदादेवर उतरायचं आणि झाडांच्या सावलीतून थेट रोसियूपर्यंत. सगळा रस्ता हलका उतार, पायरी नाही. वाटेत बाकं आणि कॉफीचे कियोस्क. संध्याकाळी थकलात की मेट्रोने वर यायचं. जाताना उतार आणि येताना मेट्रो, असं आम्ही रोज केलं.

रानवारा
दीपमाळ, पण मग जुन्या शहरात रात्री जेवून निवांत रेंगाळणं होत नाही ना? मेट्रो रात्री एकपर्यंत असते हे खरं, तरी घर दूर आहे म्हटलं की पाय आपोआप नऊलाच स्टेशनकडे वळतात.

दीपमाळ
वळतात, नाकारत नाही. आमच्याबरोबरची माणसं साडेआठलाच जांभया द्यायची, त्यामुळे आमचं काही अडलं नाही.

अक्षांश
आता बायशाचं एक गुपित सांगतो, कारण मोरपीस यांची आई टेकडीवरही जाणारच. तिथे टेकडी चढायचे फुकट मार्ग आहेत.

बायशा-शियादू मेट्रो स्टेशन जमिनीखाली सुमारे ४५ मीटरवर आहे. त्याचं एक दार खाली रुआ दु क्रुसिफिशूवर आणि दुसरं वर शियादूच्या चौकात. मधले सरकते जिने तिकिटाच्या फाटकाबाहेर आहेत. म्हणजे तिकीट न काढता खालून आत शिरायचं आणि वर शियादूत बाहेर पडायचं. स्थानिक लोक रोज असंच जातात. एखादा जिना बंद पडलेला असतो, तेवढी तयारी ठेवा.

किल्ल्याच्या बाजूला रुआ दुश फांकेइरुशवरच्या एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे. ती एका रस्त्याने वर सोडते. तिथून थोडं चाललं की शांव दु लोरेइरूच्या जुन्या बाजाराची इमारत येते, तिच्यात दुसरी लिफ्ट. वर आलात की किल्ल्याच्या तटाखालच्या रस्त्यावर. उरलेला चढ थोडाच आहे. किंवा फिगेइरा चौकातून ७३७ नंबरची छोटी बस घ्या, ती किल्ल्याच्या दारापर्यंत जाते. २८ नंबरच्या ट्रामचा सगळे आग्रह धरतील. सुंदर आहे, पण दिवसा उभं राहायलाही जागा नसते आणि पाकीटमारीसाठी ती बदनाम आहे. बसायचंच असेल तर सकाळी लवकर मार्तीम मोनीझच्या थांब्यावरून, जिथे ती सुटते.

ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला, म्हणजे दोराने चढावर ओढल्या जाणाऱ्या ट्रामला, सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला, १६ माणसं गेली, आणि ती सेवा बंद झाली. जुन्या लेखांत ‘चढायला ग्लोरिया आहेच’ असं वाचाल. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

नदीकाठ
पदपथांबद्दल कोणी बोललं नाही. सगळ्या शहरात चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांची पांढरी फरसबंदी आहे, मधूनमधून काळ्या दगडांची नक्षी. दिसायला देखणी. शतकभराच्या पावलांनी ती गुळगुळीत झाली आहे आणि पाऊस पडला की अक्षरशः साबण लावल्यासारखी होते. एप्रिलमध्ये सरी येतात. ओल्या उतारावर काळ्या डांबराच्या कडेने चाला, निदान आईंना तरी तसं न्या.

सोनचाफा
शिवाय त्या दगडांवर चाकांच्या बॅगेचा आवाज! आमच्या शेजारच्या घरी पहाटे पाचला पाहुणे निघाले, तर सगळी गल्ली जागी झाली. तिथे अजून राहणाऱ्या माणसांचं रोज काय होत असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

अक्षांश
हो. मी राहायचो त्या जिन्यावर सहा घरं होती. मी शहर सोडलं तेव्हा त्यातली चार पाहुण्यांसाठी झाली होती. अल्फामा, मोरारिया, बाइरू आल्तू या भागांत पाहुण्यांसाठीच्या घरांची नवी नोंदणी पालिकेने २०१८ मध्येच थांबवली, इतकं ते वाढलं होतं. घर घेणार असाल तर जाहिरातीत ‘ए एल’ ही अक्षरं असलेला नोंदणी क्रमांक बघा. नसेल तर घेऊ नका. दर माणशी दर रात्री ४ युरो शहराचा कर आहे, जास्तीत जास्त सात रात्रींचा. हॉटेल असो वा घर, तो द्यावा लागतो. अनेक ठिकाणी तो भाड्यात धरलेला नसतो आणि पोचल्यावर मागतात.

मोरपीस
सगळ्यांचे मनापासून आभार. अल्फामाच्या त्या घराला लिफ्ट नाही. विचारल्यावर उत्तर आलं, ‘फक्त ५४ पायऱ्या’. नकाशात गल्लीही चालून बघितली, ट्रामच्या थांब्यापासून आणखी ६०-७० पायऱ्या निघाल्या. आईला फोटो दाखवले तर ती म्हणाली, “चल की, मी काय तिथे रोज पळणार आहे?” पण तिचा हात गुडघ्यावर होता.

आता बायशा की साल्दान्या हे ठरत नाहीये. आम्हाला एक दिवस सिंत्रा हे जवळचं गाव आणि एक दिवस नदीकाठचा बेलें भाग करायचा आहे.

चंद्रकोर
मग बायशा, रोसियूच्या जवळ. सिंत्राची गाडी रोसियू स्टेशनातूनच सुटते, साधारण चाळीस मिनिटं. बेलेंला जाणारी १५ नंबरची ट्राम प्रासा दु कोमेर्सियूवरून मिळते, ते सहाएक किलोमीटर दूर आहे, चालायच्या भानगडीत पडू नका. तिथे पोचल्यावर मात्र नदीकाठ सगळा सपाट. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, वार बघून जा.

रानवारा
माझी एक विनंती ऐका. बायशात राहा, पण पूर्वेच्या टोकाला, रुआ दुश फांकेइरुशच्या आसपास. तिथून सकाळी लवकर नदीच्या बाजूने सपाट रस्त्याने फादू संग्रहालयासमोरच्या चौकापर्यंत जा, पंधरा-वीस मिनिटं. तो अल्फामाचा पायथा. तिथे कट्ट्यावर बसलात तरी गल्ल्या जाग्या होताना दिसतात. आईंना हे बघायला मिळायलाच हवं.

मोरपीस
आम्ही परत आलो. गेल्या रविवारी. धागा वर आणतेय, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत.

फांकेइरुशवरच घेतलं. दुसरा मजला, छोटी जुनी लिफ्ट, दोनच माणसं मावतील अशी. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या, हे आधी विचारून ठेवलं होतं. खोलीतून दिसायची समोरची भिंत आणि निळ्या टाइल्सचा एक पट्टा. नदी नाही, गच्ची नाही. पहिल्या संध्याकाळी मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवसापासून ते विसरले. आई दिवसातून तीनदा बाहेर पडायची! सकाळी आमच्याबरोबर, दुपारची झोप झाल्यावर एकटी, रात्री जेवायला पुन्हा आमच्याबरोबर. एकटी जाऊ शकली याचं मला सगळ्यात अप्रूप वाटलं. सरळ रस्ते, चुकायला जागा नाही, दमली तर पाच मिनिटांत घर. नदीकाठच्या पायऱ्यांवर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिने आम्हालाच कॉफीचं दुकान दाखवलं, नदीकाठ म्हणाले तसं दोन गल्ल्या सोडून. तिथल्या बाई तिला ओळखायला लागल्या होत्या.

किल्ल्याला दोन्ही लिफ्टनी जायला निघालो. पहिली चालू होती, दुसरी त्या दिवशी बंद. मग खाली येऊन ७३७ घेतली. शियादूचा मेट्रोचा जिना रोज वापरला. एक दिवस पाऊस लागला आणि पांढऱ्या दगडांवर नवराच घसरला, हाताला खरचटलं, बाकी काही नाही. आई डांबराच्या कडेने चालत होती.

आणि रानवारा, शेवटच्या दिवशी साडेसहाला उठून आम्ही तिघं अल्फामाच्या पायथ्याशी गेलो. फादू संग्रहालयासमोर बसलो होतो. आईने वर जाणारी एक गल्ली बघितली आणि म्हणाली, थोडं जाऊन येऊ. चाळीसेक पायऱ्या हळूहळू चढली. वर एक बाई दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आई मराठीत काहीतरी बोलली, त्या पोर्तुगीजमध्ये. मग त्यांनी आतून खुर्ची आणून दिली. आम्ही वीस मिनिटं तिथे होतो. उतरताना आईने एका हाताने माझा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हातात त्या बाईंनी दिलेली जिरॅनियमची फांदी.

जुईचा वेल
गुडघे कसे आहेत आता?

मोरपीस
दोन दिवस शेकले. आज सकाळी फिरायला गेली होती. फांदी विमानतळावर टाकून द्यावी लागली, तेवढं तिला लागलंय.